आधी उघडलं, मग उडवलं : स्पिन शिकवण्यासाठी उभं केलेलं जुनं सेस्ना १५२

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हँगरच्या मागच्या कोपऱ्यात नऊ वर्षं उभं होतं. टायर बसलेले, काचा पिवळ्या पडलेल्या, डाव्या पंखाखाली पक्ष्यांनी आणलेल्या काड्यांचा ढीग. १९७९ सालचं सेस्ना १५२. दोन सीट, एक इंजिन, वर पंख. दुरुस्त होऊन पुन्हा हवेत गेल्याला आता तीन वर्षं झाली आणि ४१० तास भरले. त्यातले बहुतेक तास मी एकाच कामाला दिले : स्टॉल (पंखाचा हवेशी होणारा कोन फार वाढून उचल कमी पडणं), स्पिन (स्टॉल झालेलं विमान गोल फिरत खाली पडणं), आणि हातातून निसटू पाहणारं विमान परत ताब्यात घेणं. अशा कामासाठी जुनं छोटं विमान दुरुस्त करून घ्यावं का, असं मला वरचेवर विचारलं जातं. म्हणून अनुभव सविस्तर लिहिते.

आधी हे कशासाठी शिकवायचं, ते सांगते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान पडलं. वेग कमी झाल्याची सूचना देत योक (वैमानिकासमोरचं सुकाणू, मागे ओढलं की नाक वर जातं) थरथरला आणि कॅप्टनने तो मागे ओढला. पुढे ढकलायला हवा होता. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकमध्ये गेलं. त्यात २२८ माणसं होती. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, ऑटोपायलट सुटला, आणि विमान स्टॉलमध्ये असताना नाक वर धरलेलंच राहिलं. दोन्ही विमानांत चालवणारे परवानाधारक, हजारो तासांचे वैमानिक होते. त्यानंतर आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१४ मध्ये विमान परत ताब्यात घेण्याच्या प्रशिक्षणाची वेगळी पुस्तिका काढली. युरोपात डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक वैमानिकांसाठी किमान ५ तास वर्ग आणि ३ तास प्रत्यक्ष उड्डाण असा अभ्यासक्रम सक्तीचा झाला.

माझं स्वतःचं कारण याहून जवळचं आहे. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याकडून साधा स्टॉल करून घेत होते. डावा पंख खाली गेला, समोरच्या काचेत जमीन आली आणि त्याने दोन्ही हातांनी योक छातीशी ओढून धरला. मी ओरडले, पण त्याला ऐकू गेलं नाही. त्याची पकड सोडवून योक पुढे करेपर्यंत आम्ही एक पूर्ण फेरी फिरलो होतो. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मला सगळं पाठ होतं." खरंच पाठ होतं, मी त्याची तोंडी परीक्षा घेतली होती. पाठ असलेलं हातात यायला हवेत तास घालवावे लागतात, आणि ते तास घालवायला योग्य विमान लागतं.

१५२ हे त्यासाठी योग्य विमान आहे, असं माझं ठाम मत आहे. १९७७ ते १९८५ या काळात अशी साडेसात हजारांहून जास्त विमानं बनली. त्याआधीचं १५० धरलं तर आकडा तीस हजारांपलीकडे जातो. त्यामुळे सुटे भाग मिळतात, माहिती मिळते, आणि कुठे काय बिघडतं हे आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. इंजिन लायकमिंगचं ओ-२३५, ११० हॉर्सपॉवर. कमाल वजन १६७० पौंड. सीट शेजारी शेजारी आहेत, याचं महत्त्व स्पिन शिकवणाऱ्यालाच कळेल. विद्यार्थ्याचे हात, पाय आणि चेहरा मला एका नजरेत दिसतात. मागेपुढे सीट असलेल्या विमानात समोरच्याची फक्त मान दिसते. शिवाय साध्या १५२ लाही निर्मात्यानेच स्पिनची मंजुरी दिलेली आहे. छोट्या विमानांतल्या कितीतरी लोकप्रिय मॉडेलांवर 'स्पिन निषिद्ध' अशी पट्टी असते, तशी इथे नाही.

आता दुरुस्ती. आठ महिन्यांचा अंदाज होता, सव्वीस लागले. आमचे मेकॅनिककाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "रंगाचं नाव काढायचं नाही. आधी सगळं उघडायचं." सीट, गालिचे, मजल्याच्या ताटल्या, पंखाखालची तपासणीची झाकणं, सगळं उतरवलं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही, पांढरी भुकटी धरते. गालिच्याखाली जिथे ओल साचून राहिली होती तिथे ती बोटाला लागत होती. काही रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) मागे काळपट ओघळ होते. काका त्यांना 'धूर सोडणारे रिव्हेट' म्हणतात. सैल झालेला रिव्हेट भोकात हलत राहतो, घासून धातूची पूड होते आणि वाऱ्याने मागे ओढली जाते. बाहेरून पुसून काढलं की सगळं चकाचक दिसतं. म्हणूनच विकाऊ विमान पाहायला जाल तेव्हा नुकतंच धुतलेलं असेल तर जास्त सावध राहा.

कंट्रोल केबल तपासायची एक पद्धत मी याच काळात शिकले. सुती फडकं केबलभोवती धरायचं आणि संपूर्ण लांबीवरून फिरवायचं. एखादा तंतू तुटलेला असेल तर फडकं तिथे अडकतं. एलिव्हेटरच्या (नाक वरखाली करणाऱ्या शेपटाच्या आडव्या पाटीच्या) केबलवर ते एका पुलीपाशी अडकलं. डोळ्यांनी पाहिलं तर केबल ठणठणीत. पुलीवरून वळते तिथे खालच्या बाजूचे तंतू तुटले होते आणि ती बाजू दिसतच नव्हती. ती केबल मी ठेवून दिली आहे. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ती आणि एक फडकं हातात देते. काही सांगत नाही, फक्त म्हणते, फिरव.

रडरच्या (नाक डावीउजवीकडे वळवणाऱ्या शेपटाच्या उभ्या पाटीच्या) स्टॉपबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय हे विमान स्पिनसाठी वापरू नये. रडर दोन्ही बाजूंना किती वळावं याची मर्यादा शेपटाकडचे छोटे धातूचे तुकडे ठरवतात. १९९८ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एक १५२ स्पिनच्या सरावात सावरलंच नाही. रडर आपल्या मर्यादेपलीकडे जाऊन तिथेच अडकलं होतं. त्यात प्रशिक्षकाचा जीव गेला. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, १५० आणि १५२ साठी आदेश काढला : एक तर सुधारित रडर-स्टॉप बसवा, नाहीतर स्पिन निषिद्ध असल्याची पट्टी लावा. आमच्या विमानाच्या लॉगबुकात अशी पट्टी लावल्याची नोंद होती, आणि पट्टी मात्र कुठेच नव्हती. म्हणजे कागदावर स्पिनला बंदी, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. ती नोंद आम्हाला तिसऱ्या वाचनात सापडली. लॉगबुकं वाचायला मी एकूण पाच रविवार घालवले. संपूर्ण दुरुस्तीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेले ते पाच दिवस. नवे स्टॉप बसवले, रडर दोन्ही बाजूंना किती अंश वळतं ते मोजलं, आणि मगच पुढचं काम.

सीटच्या रुळांचंही तसंच. सीट ज्या रुळांवर पुढेमागे सरकते त्यांच्या भोकांत एक पिन बसते. भोकं झिजून लांबट झाली की पिन नीट धरत नाही. मग धावपट्टीवरून उचलताना सीट मागे सरकते, वैमानिक आधारासाठी हातात असलेलं पकडतो, आणि हातात असतो योक. नाक एकदम वर, वेग कमी, स्टॉल, आणि तोही जमिनीपासून थोड्याशाच उंचीवर. सेस्नाच्या या सगळ्या घराण्यासाठी रुळांच्या तपासणीचा आदेश १९८७ पासून आहे आणि २०११ मध्ये तो सुधारला गेला. आमच्या रुळांची चार भोकं मर्यादेबाहेर निघाली. रूळ बदलले. विद्यार्थ्यांनी सीट लावल्यावर पाय रोवून जोरात मागेपुढे हलवून पाहायची, हा आमचा नियम आहे.

एक्झॉस्टच्या मफलरभोवती पत्र्याचं आवरण असतं. त्यातून गरम झालेली हवा केबिनच्या हीटरला जाते. मफलरला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साईड त्याच वाटेने आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. आमच्या मफलरची चीर आवरण काढल्याशिवाय दिसली नसती. इंजिनाच्या बाबतीत नऊ वर्षांचा मुक्काम भोवला. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि ओलसर हवेत कॅमला गंज धरतो. तासांच्या हिशेबात इंजिन अर्धंच वापरलेलं होतं. पण लायकमिंग स्वतःच सांगतं की तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती) करा, आणि उघडल्यावर त्याचं कारण दिसलं. कॅमवर खड्डे होते. 'कमी तासांचं इंजिन' असं कुणी कौतुकाने सांगितलं तर शेवटचं कधी चालवलं ते विचारा.

रंग शेवटी आला, आणि रंगानंतर एलरॉन (विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या पाट्या) आणि एलिव्हेटर काढून पुन्हा तोलले. रंगालाही वजन असतं. कंट्रोलच्या मागच्या कडेला थोडं वजन वाढलं तरी जास्त वेगात फडफड सुरू होऊ शकते, आणि ती फडफड काही सेकंदांत पंख किंवा शेपूट तोडू शकते. नवा रंग दिलेल्या विमानाच्या कागदपत्रांत या तोलाची नोंद नसेल तर ते घेऊ नका.

या सव्वीस महिन्यांत एक गोष्ट ठरवून केली नव्हती, ती आपोआप घडली. शनिवारी येणारी मुलं मदतीला थांबायला लागली. कुणी स्क्रू मोजून डब्यांत भरायचं, कुणी टॉर्च धरायचं. पुढे त्यांच्यातल्याच काहींना मी हवेत शिकवलं तेव्हा फरक स्पष्ट दिसला. उड्डाणापूर्वीची तपासणी बाकीची मुलं यादी वाचत करतात. ही मुलं हाताने करतात. बिजागरीला बोट लावतात, कॉटर पिन हलवून पाहतात, पिटो नळीच्या तोंडात वाकून बघतात. त्यांना ठाऊक असतं की आत काय असू शकतं. १९९६ मध्ये बर्गनएअरचं बोईंग ७५७ समुद्रात पडून १८९ माणसं गेली. चौकशीत बंद पडलेल्या पिटो नळीकडे बोट दाखवलं गेलं, आणि ती गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्याने बुजली असावी असा निष्कर्ष निघाला. आमच्याही नळीत माती होती. बर्गनएअरची गोष्ट सांगण्याआधी मी विद्यार्थ्यांना ती माती काचेच्या बाटलीत दाखवते.

स्टॉलची सूचना देणारी पिपाणी हा या विमानाचा माझा सगळ्यात आवडता भाग. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानशी फट आहे. पंखाचा हवेशी होणारा कोन वाढला की तिथला दाब कमी होतो, आतली हवा बाहेर खेचली जाते आणि पत्ती वाजते. वीज नाही, तार नाही. वेग स्टॉलच्या वेगाहून ५ ते १० नॉट जास्त असतानाच वाजू लागते. तपासायची पद्धतही तितकीच सरळ : फटीवर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडाने हवा ओढायची. आमची पिपाणी मुकी होती. आतली नळी चिरलेली. नळी बदलून एका मुलीने पहिल्यांदा हवा ओढली आणि ती वाजली, तेव्हा हँगरमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हवेत ती पिपाणी ऐकू येते तेव्हा त्या मुलीचा हात बाकीच्यांपेक्षा लवकर पुढे जातो, असं माझं निरीक्षण आहे.

आता हवेतलं. सरळ स्टॉल या विमानात फार सौम्य आहे. थोडं थरथरतं, नाक हळूच खाली जातं. नवख्याला धीर यायला हे चांगलं. पण एवढ्यावर थांबलात तर चुकीचा धडा दिला जातो. विद्यार्थी समजतो की स्टॉल म्हणजे एवढंच. म्हणून मी लगेच वळणातल्या स्टॉलकडे जाते. चार हजार फुटांवर ठरवतो की हीच जमीन. विद्यार्थी धावपट्टीकडे वळतोय असं समजायचं. वळण पुढे निघून गेलं म्हणून तो आतल्या बाजूचा रडर जास्त दाबतो, पंखांचा कल वाढू नये म्हणून योक उलट्या बाजूला फिरवतो, नाक खाली जातं म्हणून मागे ओढतो. तिन्ही गोष्टी त्या क्षणी त्याला बरोबरच वाटतात. मग आतला पंख एकदम खाली जातो आणि विमान जवळजवळ पाठीवर वळायला निघतं. सावरून उंचीमापक पाहिला की आमची ठरवलेली 'जमीन' वर राहिलेली असते. इथे बहुतेक जण गप्प होतात. मीही काही बोलत नाही. एक चक्कर सरळ मारते आणि मग पुन्हा करायला लावते.

कलाबरोबर स्टॉलचा वेग वाढतो, हे फळ्यावर सगळ्यांना येतं. उंची राखून वळताना ४५ अंशाला सुमारे १९ टक्के, ६० अंशाला ४१ टक्के. विमानात ते अंगाला जाणवतं. ६० अंशाला आपलं वजन दुप्पट होतं, गाल खाली ओढले जातात, आणि एरवी गप्प असलेली पिपाणी भरपूर वेग असूनही वाजते.

स्पिनमधून बाहेर येण्याचा क्रम निर्मात्याच्या पुस्तिकेत आहे तोच शिकवते : थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी कळ) बंद, एलरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण, तो टोकाला पोचला की योक झटक्याने पुढे, फिरणं थांबेपर्यंत तसंच धरायचं, मग रडर मध्यावर आणून हळूच नाक वर. पुस्तिका सांगते की एका फेरीत सावरेपर्यंत साधारण हजार फूट जातात. आमच्या नोंदी त्याच्या आसपास आहेत, पहिल्या प्रयत्नात अर्थातच जास्त. सामानाच्या जागेत काहीही ठेवायचं नाही. भार मागे असताना स्पिनला मंजुरी नाही, आणि मी पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाही.

इथे विमानाची एक मर्यादा सांगायला हवी. १५२ स्पिनमध्ये राहायला फारसं राजी नसतं. कधी कधी, विशेषतः उजवीकडे, एकदोन फेऱ्यांत ते स्वतःच स्पिन सोडून गोल घिरट्या घालत खाली जाऊ लागतं. बाहेर पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं, जमीन फिरतच असते. फरक वेगमापकात कळतो. स्पिनमध्ये काटा कमी वेगावर थांबून राहतो, घिरटीत तो भराभर चढतो. घिरटीत योक पुढे ढकलला तर वेग आणखी वाढेल. तिथे थ्रॉटल कमी करून आधी कल सरळ करायचा आणि मग नाक उचलायचं. सुरुवातीला याचा मला त्रास वाटायचा, शिकवण्यात खंड पडतो म्हणून. आता मी त्याचाच धडा करते : बोलून दाखव, काटा थांबलाय की चढतोय?

दुसरी मर्यादा वजनाची. दोन धडधाकट माणसं बसली की टाक्या पूर्ण भरता येतीलच असं नाही. जुन्या विमानात वर्षानुवर्षं चढलेले रंगाचे थर आणि जादा उपकरणं यांमुळे रिकामं वजन पुस्तिकेपेक्षा वाढलेलं असतं, म्हणून दुरुस्तीनंतर काट्यावर तोलून घ्या. आम्ही जुना रेडिओ आणि तीन बंद पडलेल्या तारांचे जुडगे काढले, १४ पौंड वाचले. चढण्याचा वेग समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट हा नव्या विमानाचा, थंड दिवसाचा आकडा आहे. उन्हाळ्यात दोघं बसून सहा हजार फुटांवर जायला आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एका तासात चार-पाच चांगले स्पिन मिळतात, बाकी चढण्यात जातं. तो वेळ मी बोलण्यासाठी वापरते, पण हिशेब करणाऱ्याने हे धरून चालावं.

तिसरी आणि मोठी मर्यादा : साधं १५२ कसरतींसाठी नाही. फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली उतरणाऱ्या पाट्या) वर असताना ४.४ जी, म्हणजे वजनाच्या ४.४ पट भार, ही त्याची हद्द. विमान पूर्ण उलटं झालं तर काय करायचं, हे यात दाखवता येत नाही आणि दाखवायचा मोहही होऊ देऊ नये. त्यासाठी त्याचंच भावंड असलेलं एअरोबॅट घ्यावं, ते ६ जीपर्यंत मंजूर आहे. पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी दोन वर्षं जास्त थांबून एअरोबॅटच शोधेन. जायरोवर (आतल्या वेगाने फिरणाऱ्या चाकावर) चालणारी उपकरणंही स्पिनने लवकर खराब होतात. आम्ही दोन बदलल्यावर शहाणे झालो. आता स्पिनच्या दिवसांत ती काढून ठेवतो आणि जागेवर झाकण लावतो.

नव्याने बसवलेल्यांत तीन गोष्टींची शिफारस करते. चार पट्ट्यांचे सीटबेल्ट, ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन ट्रान्समीटर (जुन्या १२१.५ च्या संदेशांवरची उपग्रहांची नजर १ फेब्रुवारी २००९ पासून बंद आहे), आणि दोन्ही सीटच्या मधोमध मागे लावलेला छोटा कॅमेरा. कॅमेऱ्याने माझं शिकवणं बदललं. "मी योक ओढला नव्हता" असं मनापासून सांगणारा विद्यार्थी स्वतःचे हात पडद्यावर पाहतो आणि पुढे मला काही सांगावं लागत नाही.

घ्यावं का? रोज उडवायला, प्रवासाला, लवकर परवाना काढून द्यायला, अशा कामांसाठी दुरुस्त केलेलं जुनं विमान घेऊ नका. ते वेळ खातं. गेल्या तीन वर्षांत एका भागाची वाट पाहत आमचं विमान सलग सात आठवडे जमिनीवर होतं. पण उघडायला तयार असलेला मेकॅनिक, उघडलेलं पाहायला येणारी मुलं आणि घाई नसलेला प्रशिक्षक असेल, तर शिकवायला याहून चांगलं विमान मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात वार्षिक तपासणी आहे. मजल्याच्या ताटल्या परत उतरतील, केबलवरून परत फडकं फिरेल. नव्या तुकडीतल्या सहाही जणांना सकाळी सातला बोलावलं आहे. पहिलं उड्डाण त्यानंतर.